मागच्या भिंतीतले बिऱ्हाड

गावच्या घराची मागची भिंत मातीची. यंदा तिला पेन्सिल जाईल एवढी भोके दिसली आणि मी गवंड्याला बोलवायला निघालो. काकू म्हणाली, "थांब रे, तिथे बिऱ्हाड आहे."

बिऱ्हाडकरीण थोड्याच वेळात आली. मधमाशीएवढीच, पण जरा गुबगुबीत, काळ्या पोटावर चमकते निळे पट्टे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये या माशीला 'झोनाटा' म्हटले, म्हणजे पट्टेवाली. आपल्याकडे पट्टेवाला कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसलेला असतो. या पट्टेवालीला बसायला सवड नाही. मोहोळ नाही, राणी नाही, हाताखाली कामकरी नाहीत. माती उकरायची, आत एकेक कोठडी करायची, तिला ओल लागू नये म्हणून आतून लेप द्यायचा, पराग-मधाचा शिधा ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे आणि दार लिंपायचे. सारे एकटीने. शेजारी आणखी चार जणींची भोके असतात. पण प्रत्येकीचे दार वेगळे. शेजार आहे, सोसायटी नाही. त्यामुळे वार्षिक सभेतली भांडणेही नाहीत.

नराला मादीपेक्षा एक पट्टा जास्त, चाराऐवजी पाच. आघाडी तेवढीच. घर बांधण्यात त्याचा हात नाही, आणि बांधलेल्या घरात जागाही नाही. संध्याकाळी चार-सहा नर तुळशीच्या वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन ओळीने झोपतात. शेवटच्या लोकलमधली माणसे आठवली.

सकाळी काकूने मला परसात नेले. वांग्याच्या फुलातला पराग उघड्यावर नसतो. परागकोशांना मिठाच्या डबीसारखी टोकाला बारीक भोके असतात, डबी हलवावी लागते. ही माशी फुलाला बिलगली, पंख मिटलेलेच, आणि अंगातले स्नायू अशी थरथरवू लागली की फूल गुणगुणले. पराग भुरभुरला. मधाच्या पेट्यांतल्या माश्यांना ही कला येत नाही.

"बिऱ्हाडकरीण भाडं देत नाही असं वाटतं ना," काकू म्हणाली, "कालचं भरीत कुणाच्या जिवावर खाल्लंस?"

गवंड्याला मी नको म्हणून कळवले. तुमच्या अंगणात फरशी घालायची असेल तर जरूर घाला. फक्त अशाच एखाद्या बिऱ्हाडासाठी एका कोपऱ्यात हातभर माती उघडी राहू द्या.