येनवाले भाऊ

कपाशीवर बोंडअळी पडली तर दर्यापूरचा माणूस कृषी सेवा केंद्र गाठतो, मोटार जळाली तर रिवायंडिंगवाला. संस्थेच्या वेबसाइटवर मराठीच्या जागी जपानी चलन दिसू लागलं, की फोन जातो भाऊंना. असे भाऊ तालुक्याच्या प्रत्येक गावी एक तरी असतात. दुकान झेरॉक्सचं, पाटीवर सातबारा, पीकविमा, लग्नपत्रिका. ज्या कामासाठी भाऊंचं नाव आहे ते पाटीवर नाही, कारण त्याचे पैसे कोणी सहजी देत नाही.

भाऊ आधी लक्षणं विचारतात. "चौकोन दिसून रायले, का येन, का प्रश्नचिन्हं?" चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, किरकोळ. इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला असला तर, "शिवाजी फॉन्टात टाइप करून चिकटवलं कोनं?" येन म्हणजे मजकूर शाबूत, वाचणारा चुकला. प्रश्नचिन्हं म्हटलं की मात्र भाऊंचा आवाज खाली येतो. "मंग तं गेलं काकाजी. बॅकअप हाये का?" बॅकअप नसतो.

मूळ दोष स्वीडनचा, असं भाऊंचं ठाम मत. मायएसक्यूएल ही डेटाबेस सांभाळणारी प्रणाली तिकडची. २०१८ साली तिची आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर डेटाबेस लॅटिन-१ मध्ये उघडायचा आणि अक्षरक्रम स्वीडिश लावायचा. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. मग खारपाणपट्ट्यातल्या सभासदाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

येनची फोड तर भाऊ पाहुण्यांनाही ऐकवतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. सर्व्हरनं तसं सांगितलं नाही, तर ब्राउझर त्या तीन बाइटांची तीन परकी अक्षरं करतो. येनमधून काना आणि पहिली वेलांटी सुटतात. पण दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडणं, यांच्यातून हमखास एकेक येन निघतो. "दर्यापूरले दोन येन, मूर्तिजापूरले तीन. अंजनगावले एकबी नाही!" अंजनगावचा पाहुणा उगाच खट्टू होतो. भाऊ त्याची समजूत घालतात, "सुर्जी जोडा ना, तुमालेबी तीन भेटते."

इलाज सोपा आहे. फाइल, डेटाबेस, दोघांमधली जोडणी आणि सर्व्हरचा हेडर, चारही ठिकाणी एकच यूटीएफ-८ पाहिजे. पानाच्या माथ्यावर मेटा टॅग लिहिला आणि हेडर वेगळंच बोलला, तर ब्राउझर हेडरचं ऐकतो. बहुतेक वेळा दुरुस्ती एका ओळीची असते, आणि तीच भाऊंची पंचाईत. सुरुवातीला ते दोन मिनिटांत काम आटोपत. "येवढंच होतं?" म्हणून व्यवस्थापक चहावर बोळवण करायचे. आता ओळ टाकून झाल्यावरही भाऊ तासभर कपाळाला आठ्या घालून काळ्या पडद्याकडे पाहतात. मधूनच "अरे बाप्पा!" म्हणतात. बिल मंजूर होतं.

मार्चअखेरीस एका पतसंस्थेनं थकबाकीदारांची यादी वेबसाइटवर चढवली. सगळी यादी येनमय. संचालक चिडले, थकबाकीदार निवांत होते. भाऊंनी बसून, आठ्यांसह, यादी स्वच्छ मराठीत आणली. संध्याकाळी बनोशाचे एक काकाजी दुकानात आले. झेरॉक्स काढायची नव्हती. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "भाऊ, मराठी साफ केली, लय चांगलं केलं. पन माह्यं तेवढं नाव जपानीतच राहू द्या ना."

आणि त्यांनी पाचशेची नोट टेबलावर ठेवली. या कामाचे आगाऊ पैसे भाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी देत होतं.