दरवळराव

त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी चहा मिळत नाही, डबा मिळतो. घट्ट झाकणाचा, आत पुन्हा चंदेरी पिशवी. "वास घ्या," दरवळराव म्हणतात. आपण नाक घालतो. "आता डोळे मिटून घ्या." आपण डोळे मिटतो, आणि आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, त्यांना घरी जायचंय!"

दरवळराव हे कुणा एकाचं नाव नव्हे, तो वाण आहे. जालना पडलं बियाण्यांचं गाव. इथे नवा वाण निघायला कितीसा वेळ लागतो? जन्मभराची नोकरी, निवृत्तीनंतरची रिकामी सकाळ, बंगळुरूला असलेली मुलगी आणि तिने दिवाळीला धाडलेला फुलांचा काळा चहा, एवढ्यावर वाण तयार. तोवर हाच गृहस्थ गांधी चमनजवळच्या टपरीवर उभ्या उभ्या कटिंग संपवून, कप ठेवता ठेवता सळईचा भाव विचारत असे. आता त्याला टपरीवर न्या, नाक असं मुरडतो की टपरीवाल्यालाच वाटावं, आपलं दूध नासलं.

दुधाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे कोरा चहा दोनच वेळी होतो: पोट बिघडलं की, नाहीतर दूध नासलं की. त्यामुळे दरवळरावांकडे पहिल्यांदा गेलेला पाहुणा कपात बघून गप्प होतो. एका शेजाऱ्यांनी तर दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर दूध आणून दिलं. "असू द्या, अडचण कुणाला नसते?" दरवळराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की आपण रोज पितो तो दाणेदार चहा यंत्रात चिरडून, फाडून, वळून केलेला. ही रीत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. आणि हा अख्ख्या पानाचा, याला 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. शेजारच्या मावशींनी मान डोलावली. "सोवळ्यातला म्हणा की. म्हणून दुधाचा विटाळ चालत नाही."

पाण्याचं सोवळं तर विचारूच नका. बोअरच्या जड पाण्यात हा चहा केला की रंग काळपट होतो आणि वर इंद्रधनुषी साय धरते. हे मात्र खरं आहे, पाण्यातल्या चुन्यामुळे तसं होतं. पण ज्या गावात नळ येणार म्हटल्यावर माणसं लग्नातून उठून घरी येतात, तिथे चहासाठी वेगळा वीस लिटरचा जार मागवायचा आणि त्यावर 'फक्त चहा' अशी चिठ्ठी चिकटवायची, याला छाती लागते. काकू त्यातलंच पाणी डाळीला घेतात. डाळ लवकर शिजते म्हणतात.

आधण आलं की गॅस बंद, पत्ती वरून, झाकण, साडेतीन मिनिटं. या साडेतीन मिनिटांत कुणी बोलायचं नाही. मग कप. त्यावर एक गुलाबी पाकळी आणि एक निळी. "निळी जाणवते का?" दरवळराव विचारतात. वास्तविक त्या निळ्या पाकळीला वास जवळजवळ नसतोच, ती शोभेची. पण आपण "किंचित" म्हणतो आणि ते वहीत टिपून घेतात. मावशींनी मात्र गुलाबाची पाकळी बोटाने उचलली, डोळ्यांना लावली आणि तुळशीत टाकून आल्या. निर्माल्य ते.

मावशींपुढे दरवळरावांचं एरवीही चालत नाही. चीनमध्ये मोगऱ्यासारख्या फुलांच्या कळ्या रात्री चहाच्या पत्तीत थरावर थर घालून ठेवतात, रात्रीतून त्या उमलतात, पत्ती वास पिते, मग फुलं काढून टाकतात, असं ते रंगात येऊन सांगत होते. मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात माठात मोगरा टाकतो, तसंच ना?" वही मिटली.

पिण्याचीही तालीम असते. "घोट असा ओढा की आवाज आला पाहिजे. हवा मिसळली की वास घशातून नाकात चढतो. चहा पारखणारे असेच पितात." आणि ते फुर्रर्र करून दाखवतात. याच आवाजासाठी, बशीतून चहा पिणाऱ्या वडिलांवर त्यांनी पाहुण्यांसमोर तीस वर्षं डोळे वटारले होते.

सगळ्यात मोठी गाठ पडली ती साडूशी. साडू अंबड तालुक्यातले, मोसंबीवाले. डब्यावरची अक्षरं दाखवत दरवळराव म्हणाले, "फ्लॉवरी ऑरेंज पेको!" साडूंनी विचारलं, "म्हणजे फूल आणि संत्रं?" नाही, यात दोन्ही नसतं, ती पानाची प्रत. साडूंनी "बरं" म्हटलं, एक घोट घेतला, थांबले. "पण साडू, याच्यात कुणीतरी मोसंबीची साल पिळू राहिलंय."

दरवळराव हसले. मग चष्मा लावून डब्यामागचं बारीक वाचलं: बर्गमॉटचं तेल. इटलीच्या दक्षिण टोकाला होणारं लिंबूवर्गीय फळ. म्हणजे मोसंबीचं चुलत भावंड. ज्या मोसंबीला 2016 साली जालन्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, तिची साल आपण उकिरड्यावर टाकतो, आणि मुलगी तिच्या भाऊबंदाच्या सालीचं तेल कुरियरने पाठवते! त्यांनी डबा फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला. लपवला म्हणा हवं तर.

फेब्रुवारीत ते मला घेऊन साडूंच्या मळ्यात गेले. आंबिया बहार धरलेला. पांढरी फुलं इतकी, की खाली मातीवर सडा. आणि वास असा की ठिबकची नळी ओलांडताना मी नुसताच उभा राहिलो. दरवळरावांनी वही काढलीच नाही. खिशातली पिशवी काढली आणि गुपचूप खाली पडलेली फुलं वेचायला लागले.

तेवढ्यात मेव्हणीने स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला. उकळून उकळून विटकरी झालेला, आल्याचा. दरवळराव बांधावर बसले. फुर्रर्र केलं. डोळे मिटले. पुन्हा फुर्रर्र.

"शेवटी एक वेगळाच सूर येतोय," ते हळूच म्हणाले. "रानटी, पण गोड. कोणती पत्ती ही?"

"पत्ती नेहमीचीच हो दाजी," मेव्हणी म्हणाली. "म्हैस आटली, म्हणून आज शेळीचं दूध घातलंय."

दरवळरावांनी पेल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अर्धा पेला आणखी होईल का?"