व्हाया केसनंद फाटा

यंदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जायचं मी ठरवलं आणि त्याच सुमारास आमच्या साडूंनी स्पेन काढलं. साडूंचं हे असंच. आम्ही फ्रीज घेतला की त्यांच्याकडे दोन दारांचा येतो. त्यांची लेक तिकडे असते. तिच्याबरोबर ते उत्तर किनाऱ्यानं सान्तियागोला पायी जाणार. ‘कामिनो देल नोर्ते’, म्हणजे तीही वारीच. माझी वाट सुमारे 250 किलोमीटरची, त्यांची 800च्या घरातली. त्यामुळे घरात ज्याचं कौतुक व्हायचं, त्याचं होऊन गेलं.

दोघंही वाघोलीत राहणारे, तेव्हा सराव एकत्र. सकाळी वाघेश्वराला हात जोडून नगर रस्त्याला लागायचं. तिथेच पिलाजीराव जाधवांची समाधी आहे. हे सरदार बाजीरावाबरोबर पार उत्तरेत स्वाऱ्या करून आले. पण त्यांना साडेआठला केसनंद फाटा ओलांडावा लागला नव्हता. वाघोली 2021 मध्ये पुणे शहरात आली, फूटपाथ मागून येतोय. तोवर एका अंगाला खडीचा डंपर, दुसऱ्या अंगाला उलट्या बाजूनं येणारी स्कूटर आणि मधे आम्ही. आमच्याच सोसायटीतली एक गाडी आम्ही रोज मागे टाकतो. परवा आतल्या गृहस्थानं काच खाली करून विचारलं, “पुढे काय झालंय, बघून येता का जरा?”

स्पेनमध्ये म्हणे वाटेवर पिवळे बाण रंगवलेले असतात. बाण धरून चालत राहिलं की माणूस चुकत नाही. साडूंनी याचाही सराव काढला. आव्हाळवाडीच्या बाजूला एक बाण दिसला, त्यामागे निघालो. पुढे दुसरा, मग तिसरा, आणि थोड्या वेळानं आम्ही टू बीएचकेच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून कोल्ड्रिंक पीत होतो. वाघोलीतले सगळे बाण तिथेच जातात. साडूंनी मास्टर बेडरूमची मापंसुद्धा विचारून घेतली.

तिकडे शेवटचे 100 किलोमीटर चाललात आणि वाटेत शिक्के मारून घेतलेत, तरी प्रमाणपत्र मिळतं.

“तुमच्या वारीत काय मिळतं?”

“चहा.”

दिंडीत सामान ट्रकमधून जातं, हे ऐकल्यावर तर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. स्वतः पाठीवर दहा किलो गहू घेऊन हिंडतात. मेव्हणीचं दळण त्यामुळे परस्पर होतं, हा भाग वेगळा.

मला धास्ती दिवे घाटाची. पुण्यातले दोन मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडला निघते. टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात घाट, आणि वर एकादशी. म्हणून मी उपास धरून चालायचाही सराव केला. त्यातला साबुदाण्याच्या खिचडीचा भाग उत्तम जमला.

समुद्रकिनारा म्हणजे सपाट, ही साडूंची समजूत जुहू चौपाटीवर झालेली. लेकीनं चढउताराचा आलेख पाठवला, तो करवतीच्या दात्यांसारखा. टेकडी चढा, पुळणीवर उतरा, की पुन्हा चढा. आता वाघोलीत चढ आणायचा कुठून? होत्या त्या टेकड्यांची खाणवाल्यांनी खडी केली आणि त्या खडीचे आमचे टॉवर झाले. साडूंनी यावर विचार केला. म्हणाले, “टेकडी गेलीय कुठे? इथेच आहे, अकरा मजले करून उभी केलीय एवढंच.” त्या दिवसापासून पाठीवर गहू, हातात ट्रेकिंगच्या दोन काठ्या आणि समोर जिना.

आठव्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, “लिफ्ट बंद पडली की काय हो?” साडूंना लागली होती धाप. त्यांनी नुसतीच मान हलवली, ती काकूंनी होकारार्थी घेतली. दहा मिनिटांत ग्रुपवर ‘मेंटेनन्स कशाचा घेता?’ सुरू. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्यानं चांगली चालणारी लिफ्ट तपासायला म्हणून उघडली, ती संध्याकाळपर्यंत मिटेना. अख्खी सोसायटी भाजीच्या पिशव्या आणि दप्तरं घेऊन जिना चढत होती.

साडू खाली बाकावर बसून होते. आठवड्यातून एक दिवस स्नायूंना विश्रांती हवी, असं लेकीनं बजावलंय. “काठ्या हव्या असतील तर घेऊन जा,” काकूंना म्हणाले, “पण वर पोचलात की लगेच खाली आणून द्या.”