पिसूतज्ज्ञ नाना

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत एखादीनं जिन्यात नुसतं पुटपुटावं, ‘आमच्या मांजराला पिसवा झाल्यात वाटतं’, की तिसऱ्या मजल्यावरच्या नानांना ते ऐकू जातं. एरवी त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्यांची तर मुळीच नाही. पण पिसू हा शब्द कानावर पडायचा अवकाश, नाना पायांत चपला सरकवून खाली हजर. हातात कापराची डबी असतेच.

असे नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. आपले नाना बँकेतून निवृत्त झालेले. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना मनीला मागे ठेवून गेली, तेव्हापासून त्यांनी मार्जारशास्त्रात लक्ष घातलं. ज्योतिष, मधुमेह आणि परराष्ट्र धोरण हे विषय आधीपासूनचेच. त्यांचा पहिला सिद्धांत असा, की पिसवा नेहमी दुसऱ्याच्या मांजराला होतात. ‘आमच्या मनीला? शक्यच नाही. ती उंबरासुद्धा ओलांडत नाही.’ मनी ओलांडत नाही हे खरं, पिसवा ओलांडतात. जिन्यात झोपणारा बोका, पाहुण्यांबरोबर आलेला कुत्रा, डक्टमधून ये-जा करणारे उंदीर, यांतलं कोणीही त्यांना घरपोच आणून सोडतं. या पिसवेचं शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस. नावात मांजर असलं तरी कुत्र्यांवर सापडते तीही बहुतेक हीच.

मनीच्या गादीवर काळे बारीक कण दिसायला लागले तेव्हा नानांनी त्याचा दोष मेट्रोच्या कामाला दिला. महापालिकेला पत्र लिहायला घेतलं, मायना झाला, विषय झाला. तेवढ्यात काकूंनी त्यातले चार कण ओल्या कापसावर टेकवले. कापसावर तांबूस डाग पसरले. धूळ असती तर काळीच राहिली असती. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचंच वाळलेलं रक्त. घरात शोध लावायचे काकूंनी आणि त्यावर व्याख्यान द्यायचं नानांनी, अशी श्रमविभागणी त्या घरात पूर्वीपासून आहे. संध्याकाळपर्यंत ओल्या कापसाची परीक्षा ही ‘नानांची परीक्षा’ म्हणून सोसायटीभर झाली होती.

मग उपाय सुरू झाले. नानांच्या उपायांचं एक वैशिष्ट्य असतं: ते सगळे घरातच सापडतात आणि फुकट असतात. डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, काळं फिनेल, खाण्यात लसूण. ‘आमच्या वाड्यात गॅमेक्सिन पावडर मारायचे, एक पिसू शिल्लक राहायची नाही,’ हे वाक्य ते दर भेटीत एकदा म्हणतात. त्या पावडरीवर आता बंदी आहे आणि ती उगाच आलेली नाही. उरलेल्या यादीची गंमत अशी, की तीमुळे पिसवांचं काय होईल हे सांगता येत नाही, मांजराचं वाईट होईल हे मात्र नक्की. मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. आणि आपलं यकृत जी कित्येक रसायनं मुकाट्यानं निकामी करून बाहेर टाकतं, ती पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात अपुरी आहे. फिनेल आणि सुगंधी तेलं त्याला म्हणूनच बाधतात. लसणाची तऱ्हा वेगळी: लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

मनीचं नशीब बलवत्तर, लसूण तिनं हुंगून सोडून दिली.

खरा प्रसंग ओढवला तो काटकसरीमुळे. मानेवर थेंब टाकायचं औषध मिळतं, असं नानांना कळलं. दुकानात मांजराचं संपलं होतं, कुत्र्याचं होतं. ‘औषध तेच असतं हो, कंपन्या लेबलं बदलतात. अर्धं टाकायचं, झालं.’ जिन्यात भेटलेल्या तिघांना त्यांनी ही युक्ती सांगितली. त्यातली एक नेमकी पशुवैद्यक. तिनं तिथंच ती नळी नानांच्या हातातून काढून घेतली. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला अंग थरथरण्यापासून झटके येईपर्यंत आणि प्राण जाईपर्यंत काहीही करू शकतं. अर्ध्या थेंबाचा हिशेब इथे चालत नाही. मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचं थेंबांचं औषध मिळतं. ते वजन आणि वय पाहून ठरवायचं, मानेच्या मागे केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचं, म्हणजे जीभ तिथवर पोचत नाही. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर नुसती बारीक दातांची फणी. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘तेच मी यांना सांगत होतो.’

फणीच्या बाबतीत मात्र नानांना मानलं पाहिजे. मुलीच्या शाळेच्या दिवसांतली उवांची फणी त्यांनी माळ्यावरून शोधून काढली. (नाना काहीही टाकून देत नाहीत, या सवयीवर काकूंचं स्वतंत्र म्हणणं आहे.) रोज दुपारी मनीला मांडीवर घेऊन मान, शेपटीचं मूळ आणि पोट विंचरायचं, सापडलेली पिसू शेजारच्या साबणाच्या पाण्यात बुडवायची. आधी ते चिमटीत चिरडायला गेले, पण पिसू तशी मरत नाही. तिचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं आणि कवच टणक. चिमटीतून सुटते आणि उडी मारते. तीन मिलिमीटरही नसलेला तो जीव वीतभर लांब जाऊन पडतो. पायांच्या मुळाशी रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं, त्यात दाबून साठवलेली शक्ती ती एकदम सोडते, हे १९६७ मध्ये दोघा ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं. साध्या पाण्यावर ती तरंगते, साबण असला की बुडते. नानांनी हेही दोन वाट्या मांडून तपासून पाहिलं.

इतकं करूनही घरातल्या पिसवा कमी होईनात, याचं कारण म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मनीच्या अंगावर उड्या मारताना दिसतात त्या वयात आलेल्या पिसवा, आणि त्या एकूण पसाऱ्याच्या साधारण ५ टक्के. मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. अंडी गुळगुळीत, मांजराच्या अंगावरून घरंगळून जिथे मांजर लोळेल तिथे पडतात: सोफ्याच्या फटीत, गालिच्यात, नानांच्या आरामखुर्चीत. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात, सांदीकोपऱ्यात शिरतात आणि त्या काळ्या कणांवरच पोसल्या जातात. पुढे कोष. कोष चिकट असतो, त्याला धूळ लागते, तो धुळीतच मिसळून जातो. पावसाळ्यातली दमट, उबदार हवा या सगळ्याला फार मानवते.

नानांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, दरात घासाघीस केली, फवारणीच्या दिवशी मनीला घेऊन भावाकडे गेले. दोन आठवड्यांनी पिसवा पुन्हा हजर. नानांनी उरलेले पैसे अडकवले आणि त्या मुलाला ग्राहक संरक्षण कायदा समजावून सांगितला. वास्तविक त्याची चूक नव्हती. फवारा कोषाच्या आत पोचत नाही. आतली पिसू नंतर सवडीनं बाहेर येते.

मग नानांनी त्यांच्या मते रामबाण उपाय योजला. मनीला बहिणीकडे ठेवायचं, घराला कुलूप लावायचं आणि महिनाभर मुलीकडे जायचं. ‘रक्तच मिळालं नाही तर खातील काय? उपाशी मरतील.’ तर्क बिनचूक, फक्त पिसवांना तो मान्य नव्हता. कोषातली पिसू काही न खाता कित्येक महिने वाट बघत पडून राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांवरून तिला कळतं की कोणीतरी आलं. महिन्यानं नानांनी कुलूप उघडलं, बॅगा दिवाणखान्यात ठेवल्या आणि मिनिटभरात त्यांचे घोटे सोलवटून निघाले. काकू शहाण्या. त्या पांढरे मोजे घालून शिरल्या होत्या. मोज्यांवर चढलेले काळे ठिपके त्यांनी मोजून दाखवले.

बातमी वार्षिक सभेत गेली. तळमजल्यावरच्या एका सभासदानं प्लेगचा विषय काढला, १८९७, रँड, गणेशखिंड सगळं आलं आणि सोसायटीत मांजर पाळायला बंदी घालावी असा ठराव मांडला. नाना उठले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वोत्तम भाषण, असं काकूसुद्धा म्हणतात. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवेमुळे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. ती जात निराळी. उलट अमरावतीचे ब्रिटिश सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की प्लेग टाळायचा तर मांजरं पाळा. शिवाय सोसायटीला पाळीव प्राण्यांवर अशी बंदी घालता येत नाही, असं सांगणाऱ्या अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना आहेत, आणि त्यांची लॅमिनेट केलेली प्रत ही पाहा. ठराव बारगळला. ज्या माणसानं मागच्याच वर्षी जिन्यातल्या बोक्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला होता, त्याचंच हे भाषण होतं, ही आठवण कोणी काढली नाही. सभासदांना चहाची घाई होती.

शेवटी त्या पशुवैद्यक मुलीनं नानांना त्यांच्या भाषेत समजावलं: खातं तीन महिने चालू ठेवावं लागेल. नानांनी लाल पुठ्ठ्याची वही काढली. दर महिन्याच्या एक तारखेला मनीच्या मानेवर थेंब. त्याच दिवशी जिन्यातल्या बोक्यालाही, कारण घरातला एक प्राणी सुटला तरी हिशेब जुळत नाही. (बोका आता घरातला धरला गेला, हे काकूंनी चटकन टिपलं.) दर आठवड्याला मनीची अंथरुणं कढत पाण्यात. दिवसाआड सोफ्याखाली, फटींत, कपाटाच्या पायांशी व्हॅक्यूम क्लीनर, आणि त्याचा कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर. त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा लवकर बाहेर पडतात, ते चांगलंच. मनीला बाल्कनीत कोंडणं बंद. तिला घरभर फिरू द्यायचं, म्हणजे नव्यानं निघालेली प्रत्येक पिसू औषध टाकलेल्या मांजरावर चढते आणि तिथेच संपते. नानांना हे पटायला वेळ लागला. आपलं मांजर सापळा म्हणून वापरायचं, हे त्यांना जरा अपमानास्पद वाटलं.

मधेच काकूंना मनीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे दाणे दिसले. नाना म्हणाले, तूच सांडले असशील. ते पट्टकृमीचे तुकडे होते. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि पिसवेच्या पोटातला हा जंत मांजराच्या पोटात जातो. वहीत जंताच्या गोळीचा रकाना वाढला.

तीन महिन्यांत घर स्वच्छ झालं. ज्या काटेकोरपणानं नानांनी पस्तीस वर्षं कॅशियर लोकांचा जीव नकोसा केला, त्या काटेकोरपणानं पिसवांचं काही चालू दिलं नाही. हे श्रेय त्यांचंच, आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. अडचण एवढीच, की नाना स्वतःच ते घेत नाहीत. कोणीही विचारलं तर वहीचं नावही न काढता ते खिशातून डबी काढतात आणि म्हणतात, ‘कापूर. बाकी सगळं थोतांड.’

तेव्हा तुमच्या जिन्यात नाना भेटलेच, तर त्यांचा कापूर नम्रपणे घ्या आणि देवापुढे लावा. मांजराला टोपलीत घालून डॉक्टरांकडे न्या, वजन करून थेंब लिहून घ्या. आणि जमलं तर नानांकडून ती लाल वही आठवडाभर मागून आणा. ते देतील, फक्त परत केल्याची सही करावी लागेल.