पँट गेली, कोटी राहिले

वॉशिंग्टनमध्ये २००५ साली एका गृहस्थांची पँट लाँड्रीत हरवली. कंबर सैल करायला दिली होती, मजुरी साडेदहा डॉलर. गृहस्थांचं नाव रॉय पिअर्सन, हुद्दा प्रशासकीय न्यायाधीश. नवी नेमणूक, नवी खुर्ची, आणि सुटाची पँटच गायब! काही दिवसांनी लाँड्रीवाल्यांनी एक पँट आणून पुढे ठेवली. साहेब म्हणाले, ही माझी नव्हेच, पायाला दुमड असलेली पँट मी घालत नाही.

इथवर गोष्ट आपल्या गल्लीतली. आपण चार शब्द सुनावले असते, पुढच्या खेपेला लाँड्री बदलली असती. पण साहेबांना कायदा येत होता.

दुकानात दोन पाट्या होत्या: ‘समाधानाची हमी’ आणि ‘त्याच दिवशी सेवा’. साहेबांचं समाधान झालं नाही, म्हणजे ग्राहकाची फसवणूक झाली. त्या शहराच्या ग्राहक कायद्यात एका उल्लंघनाला दीड हजार डॉलर. मग साहेबांनी पाढे म्हटले. उल्लंघनं बारा, दिवस बाराशे, मालक तिघं: नवरा, बायको आणि मुलगा. त्यात मनस्ताप मिळवला. आपली केस आपणच लढवतो म्हणून आपलीच वकिलीची फी आपणच लावली. दुसरी लाँड्री लांब पडते, म्हणून दहा वर्षं दर शनिवार-रविवारी भाड्याने घ्यायच्या गाडीचे १५ हजार डॉलरही जोडले. एकूण ६ कोटी ७० लाख डॉलर. (आपल्याकडे इस्त्रीवाला दारात येतो, हे त्याचे आपल्यावर किती मोठे उपकार आहेत बघा.)

कोरियाहून आलेल्या त्या कुटुंबाने तडजोडीसाठी आधी तीन हजार देऊ केले, मग चार हजार सहाशे, मग बारा हजार. साहेब हलले नाहीत. खटला उभा राहायच्या सुमारास मागणी ५ कोटी ४० लाखांवर आली, आणि खरी गंमत तिथेच आहे. या नव्या हिशेबात मुद्दा पाट्यांचाच उरला. पँट गळाली!

वकिलाच्या ऑफिसात फायली लावत पॅरालीगलचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींनी एवढं एक ठिकाण अधोरेखित करून ठेवावं. दाव्याचा मसुदा टाइप करताना मूळ वस्तू कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधायचं. सापडली नाही, तर उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. साहेब खेकसतील. खेकसू देत. वकील हा अशिलाचा नुसता भोंगा नव्हे, त्याने स्वतःची अक्कल वापरावी, हे भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतही या अर्थाने लिहिलेलं आहे. पिअर्सन यांची पंचाईत अशी की वकीलही तेच, अशीलही तेच. कोण कोणाला आवरणार?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तोंडावर फेकणाऱ्यांसाठी आता मथुरेची गोष्ट. १९९९ च्या नाताळात तिथल्या एका वकिलाने मुरादाबादची रेल्वेची दोन तिकिटं काढली. पस्तीस दुणे सत्तर. खिडकीवर शंभराची नोट दिली, परत आले दहा. वीस रुपये जास्त घेतले. गडी ग्राहक मंचात गेला आणि बावीस वर्षांवर चिवटपणे लढला, तारखा शंभराच्या वर. २०२२ मध्ये निकाल लागला: वीस रुपये बारा टक्के व्याजासह परत, शिवाय १५ हजार रुपये भरपाई. सरळ व्याजाने मांडलं तर मुद्दल-व्याज मिळून जेमतेम पंचाहत्तर होतात. वेडा म्हणायचं तर हाही वेडाच. पण पहिल्या दिवशी जे वीस रुपये मागितले, तेच वीस रुपये शेवटच्या तारखेलाही मागत होता. असा अशील ऑफिसात आला, तर चहा सांगा.

पिअर्सन कोर्टात साक्ष देताना पँटीच्या आठवणीने गहिवरले होते. जून २००७ मध्ये ते हरले. समाधानाची हमी म्हणजे गिऱ्हाइकाची वाटेल ती मागणी पुरवणं नव्हे, असं न्यायाधीश बाईंनी सुनावलं. त्याच वर्षी पिअर्सन यांची फेरनेमणूक झाली नाही. लाँड्रीवाले जिंकले, पण ते दुकान त्यांनीही त्याच वर्षी सोडलं. जिंकण्याचा खर्च कोर्टाच्या निकालपत्रात मावत नाही.

आधार नसलेला दावा रेटल्याबद्दल पिअर्सन यांची वकिली ९० दिवस निलंबित झाली, ती २०२० मध्ये. पँट हरवली त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.