भाकीत चुकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला ड्रायव्हिंग लायसन्स, क्रेडिट हिस्टरी आणि बर्फ उपसायचं फावडं या तीन गोष्टी लगेच लागतात, असं जुनेजाणते सांगतात. चौथी कोणी सांगत नाही. ती म्हणजे खेळाबद्दलचं ठाम मत. शिकागोत लिफ्टमध्ये अनोळखी माणूस विचारतो, ‘‘यंदा कब्जचं काय वाटतं?’’ त्याला ‘‘मी फक्त क्रिकेट बघतो’’ सांगणं म्हणजे पंगतीत पानावर बसून ‘‘मला उपास आहे’’ म्हणणं. वाढपी पुढे सरकतो तो परत येत नाही. सबब हे मार्गदर्शन. लेखकाच्या गाठीला वीस वर्षं चुकण्याचा अनुभव आहे.

आधी बेसबॉल. टीम निवडायची नसते, ती गोत्रासारखी लागते. फक्त इथं पत्त्यावरून. शहराच्या उत्तरेला राहत असाल तर कब्ज, दक्षिणेला असाल तर व्हाइट सॉक्स. ‘दोन्ही आवडतात’ म्हणणाऱ्याला इथं सज्जन नव्हे, संशयित समजतात. अचूकतेची हौसच असेल तर सॉक्सचा विचार करावा. 2024 मध्ये ही टीम 162 पैकी 121 सामने हरली; आधुनिक बेसबॉलमधला हा उच्चांक. त्या वर्षी रोज सकाळी डोळे मिटून ‘आज हरणार’ एवढंच म्हणणाऱ्याचं भाकीत चारपैकी जवळजवळ तीनदा खरं ठरलं. पण अशा माणसाला कोणी ज्योतिषी म्हणत नाही, आणि जेवायलाही बोलावत नाही.

भाकिताचा मुहूर्त फेब्रुवारीतला. पिचर आणि कॅचर सरावाला ॲरिझोनात नि फ्लोरिडात जमतात, कोणी अजून एकही सामना हरलेलं नसतं. भाषा साप्ताहिक राशिभविष्याची ठेवावी. ‘मंगळवारी साडेचारला जिन्यावरून पडाल’ असं कुठलाही मुरलेला ज्योतिषी लिहीत नाही. ‘प्रवासात काळजी घ्यावी’ लिहितो. त्याच चालीवर ‘पिचिंग भक्कम आहे, दुखापती टळल्या तर...’ एवढं बोलून कॉफीचा घोट घ्यावा. ‘टळल्या तर’ हे शब्द जपून ठेवावेत, ऑगस्टमध्ये लागतात. एप्रिलमध्ये टीम ओळीनं सहा सामने हरली तर ‘अजून लवकर आहे’. आपण डोक्यावर घेतलेल्या पोराची बॅट चेंडूला लागतच नसेल, तर आठवण करून द्यावी की या खेळात दहापैकी सात वेळा फसून तीनदा फटका साधणारा थोर मानतात. (हे खरं आहे. पगारवाढीच्या वेळी मात्र साहेबाला पटत नाही. सांगून पाहिलंय.)

आणि सप्टेंबरात ‘पुढच्या वर्षी बघू’. कब्जच्या भक्तांनी हे वाक्य 1908 च्या विजेतेपदापासून 2016 च्या विजेतेपदापर्यंत 108 वर्षं जपलं. माळेत मणी तेवढेच असतात. बेसबॉलच्या चेंडूवर टाकेही तेवढेच. मधल्या काळात शापाची सोय होती. 1945 च्या वर्ल्ड सिरीजला एक गुत्तेवाला आपला बोकड घेऊन कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर गेला, बोकडाला बाहेर काढलं आणि गुत्तेवाल्यानं कब्जना शाप दिला, अशी कथा. शापासारखी दुसरी सोय नाही. मॅनेजर चुकला म्हणावं तर वाद होतो. बोकडाची बाजू घ्यायला कोणी येत नाही.

या सगळ्यात मला मानाचा मुजरा करावासा वाटतो तो एका सिनेमाला. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या 1989 मधल्या दुसऱ्या भागात नायक 21 ऑक्टोबर 2015 या दिवसात जाऊन पोचतो आणि पाहतो तर कब्ज जिंकलेले. प्रत्यक्षात नेमक्या त्याच तारखेला मेट्सनी त्यांना सलग चौथ्यांदा हरवून घरी पाठवलं. जिंकले पुढच्या वर्षी. 26 वर्षं आधी सांगून एका वर्षाची चूक! यातून घ्यायचं ते एवढंच की भाकीत इतकं लांबचं करावं की विचारणाराच निवृत्त होईल.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही चैन नाही. तिथं मार्चमध्ये लेखी परीक्षा असते. 68 टीम, त्यातल्या चार सुरुवातीलाच गळतात, उरलेल्या 64 मधून एकदा हरला की बाद या हिशेबानं 63 सामने. ते सगळे आधीच एका कागदावर भरून द्यायचे. त्याला ब्रॅकेट म्हणतात. भरण्याचे प्रकार किती, तर नवावर अठरा शून्यं आणि वर बरीच चिल्लर. 2014 मध्ये एका स्पर्धेत बिनचूक ब्रॅकेटला 100 कोटी डॉलरचं बक्षीस होतं, त्यामागे वॉरन बफे उभे होते. दुसऱ्या दिवशीची रात्र संपेपर्यंत सगळे स्पर्धक चुकले होते. बफे श्रीमंत का आहेत, यावर आणखी पुस्तकं लिहायची गरज नाही.

2018 मध्ये मी तीन आठवडे आकडेवारी वाचून व्हर्जिनियाला विजेता लिहिलं. तेव्हा आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं व्हर्जिनियाच्या पहिल्याच सामन्यावर बोट ठेवून विचारलं, ‘‘यांची चिन्हं काय रे?’’ म्हटलं, व्हर्जिनियाचा तलवारवाला स्वार आणि समोरच्या यूएमबीसीचा कुत्रा. ‘‘कुत्रा इमानी असतो,’’ म्हणून तिनं कुत्र्यावर खूण केली. मी तिला समजावलं, आई, पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्याकडून पुरुषांच्या स्पर्धेत आजवर एकदाही हरलेली नाही, 135 सामने झाले. ती म्हणाली, ‘‘असू दे.’’ कुत्रा 74-54 असा जिंकला. पूर्ण आठवडाभर घरात कोणी माझ्याशी सहानुभूतीनं वागलं नाही.

त्याच मोसमात शिकागोच्या लोयोलाच्या टीमला प्रार्थनेचं बळ देणाऱ्या 98 वर्षांच्या सिस्टर जीन गाजल्या. टीम शेवटच्या चारांत पोचली. सिस्टरांच्या स्वतःच्या ब्रॅकेटमध्ये मात्र ती शेवटच्या सोळातच बाद होती. ज्यांचं वर थेट बोलणं होतं त्यांची ही गत, तर आपण किती खंत करायची?

खंत करण्याऐवजी सिद्धांत मांडावा. 2018 मध्ये नाचक्की झालेलं व्हर्जिनिया 2019 मध्ये विजेतं झालं. 2023 मध्ये परड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरलं आणि 2024 मध्ये अंतिम सामन्यात पोचलं. म्हणून, ज्याची सगळ्यांत जास्त शोभा झाली त्यावर पुढच्या वर्षी पैसे लावावेत. दोन उदाहरणांवर सिद्धांत उभारणं हे क्रीडापंडिताचं आद्य कर्तव्यच आहे. तिसरं उदाहरण शोधू नये.

राहता राहिला प्रश्न सामने बघायचे कधी. ते गुरुवारी भर कामाच्या वेळेत सुरू होतात. आयोजकांना याची जाणीव असावी, कारण सामना दाखवणाऱ्या त्यांच्या पानावरच त्यांनी ‘बॉस बटण’ दिलं होतं: दाबलं की पडद्यावर खोटं ऑफिसचं काम उभं राहतं. एकदा पाठीमागे साहेबाच्या बुटांचा आवाज आला आणि मी ते दाबलं. साहेब खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बराच वेळ ते खोटे तक्ते बघत उभा राहिला.

‘‘ते आधीचं पान काढ,’’ तो म्हणाला. ‘‘किती मिनिटं उरलीत?’’