न्हाणीघरातला युरोप

चाकणच्या कारखान्यातला माणूस कंपनीच्या कामाला जर्मनीला गेला की येताना चॉकलेटं आणतो, परफ्यूम आणतो. आमच्या निगडी प्राधिकरणातले काका नळाच्या पाण्याचं तापमान घेऊन येतात. "युरोप कसा वाटला?" असं विचारा, ते क्षणभर थांबून सांगतील, "पाणी जड आहे हो. पण गार येतं. आपल्यासारखा बर्फ घालावा लागत नाही."

काका 'शीटवाले' आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यात रोल नसतो. चार बाय पाच इंचाची सुटी फिल्म, एका वेळी एकच. लाकडी, भात्याचा कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि आतल्या काचेवर उलटं जग बघत बसायचं. एरवी हा माणूस टूलरूमचा. दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलतो, फिक्स्चरला कुणाचा धक्का लागला तर चुकीचं मूळ शोधणारा एट-डी रिपोर्ट मागतो. कारखान्यात जे जे चुकू नये म्हणून हयात घालवली, ते सगळं चुकायची सोय असलेला छंद त्यांनी शोधून काढलाय.

खरी फिल्म महाग, म्हणून गुरुवारच्या सुट्टीला घरी सराव चालतो तो एक्स-रे फिल्मवर. डीलर विचारतो, "कोणतं हॉस्पिटल?" काका म्हणतात, "घरगुती." ही फिल्म लाल दिव्यात हाताळता येते हे तिचं सुख. दुःख असं की मसाला, म्हणजे चित्र टिपणारा थर, दोन्ही बाजूंनी असतो, त्यामुळे ट्रेमध्ये हलवताना ओरखडे हमखास. काकांच्या फोटोत निगडीच्या भक्ती-शक्ती शिल्पातले शिवराय आणि तुकोबा भर मे महिन्यातही पावसात भिजत असतात.

परदेशात मात्र खरी फिल्म. ती तिथेच विकत घ्यायची, तिथेच संपवायची आणि तिथेच धुवायची. कारण विमानतळांवरचे नवे सीटी स्कॅनर न धुतलेली फिल्म फॉग करतात, धुतलेलीला काही होत नाही. शिवाय सुरक्षावाल्याने "डबा उघडा" म्हटलं तर? त्या नुसत्या कल्पनेनेच काकांचं बीपी वाढतं.

पांढऱ्या रसायनांच्या पुड्या घेऊन कस्टमसमोर उभं राहायला काकूंची सक्त मनाई आहे. त्यावर काकांचा तोडगा म्हणजे कॉफी. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व एवढ्यावर चित्र उमटतं. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत कॉफीने चित्र उमटवून दाखवलं गेलं, क जीवनसत्त्व त्यात नंतर आलं. कॉफी स्वस्तातली स्वस्त घ्यायची, ती जास्त चांगलं काम करते. चित्र पक्कं करणारा हायपो तेवढा फोटोच्या दुकानातून आणायचा. वासाबद्दल काका काही बोलत नाहीत. वासाबद्दल मेंटेनन्सचा पोरगा बोलतो, जो गेल्या वेळी त्यांच्याबरोबर एका खोलीत राहिला होता.

"रात्री अकराला काका तीन प्लास्टिकचे डबे घेऊन बाथरूममध्ये शिरले," तो कंपनीच्या बसमध्ये सांगत होता. "दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. टूथब्रशच्या चार्जरवर हिरवा ठिपका होता, त्यावर इन्सुलेशन टेप. मग आतून मोजल्याचा आवाज. मी म्हटलं, काका, मला जायचंय. तर आतून म्हणाले, खाच वर उजवीकडे आली!"

"म्हणजे?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, म्हणजे मसाला माझ्याकडे आहे. अजून बारा मिनिटं."

पोरगा लिफ्टने खाली रिसेप्शनला गेला. परत आला तेव्हा काका आनंदाने ओले झालेले, आणि खोलीला आठवडाभर न धुतलेल्या थर्मासचा वास.

काकांना यात काही वावगं वाटत नाही. १८५१ नंतरच्या ओल्या काचांच्या जमान्यात, ते सांगतात, काच वाळायच्या आत धुवावी लागे, म्हणून फोटोग्राफर अंधाराचा तंबू बरोबर वागवायचा. सॅम्युअल बोर्न १८६०च्या दशकात हिमालयात गेला तो हमालांचा तांडा घेऊन. "माझ्याबरोबर एकच माणूस होता," काका म्हणतात, "तोही कुरकुरत होता."

घरात कुरबुर झाली की ते फाळक्यांना पुढे करतात. दादासाहेब १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायला सरस्वतीबाई बसायच्या, फिल्म धुवायलाही मदत करायच्या.

"त्यांच्या नवऱ्याने पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' दाखवला," काकू म्हणतात. "तुम्ही काय दाखवलंत? नळ!"

हे खोटं नाही. मागच्या वारीत आणलेल्या सहा निगेटिव्हांपैकी दोन बाथरूमच्याच आहेत, उजेड चांगला होता म्हणून. काका तरीही सरस्वतीबाईंची गोष्ट पुढे रेटतात, पण ती दागिने विकण्यापर्यंत पोचायच्या आत काकू कपाटाची किल्ली कमरेला खोचून उठतात.

पुढच्या वर्षी काका निवृत्त होतायत. काकूंनी टूरबरोबर युरोप ठरवलाय, रोज नवं शहर, रोज नवं हॉटेल. काका विरोध करतील असं आम्हाला वाटलं होतं. ते तर खुशीत पत्रक वाचत बसलेत आणि कोणत्या रात्री मुक्काम कुठे, यावर पेन्सिलीने खुणा करतायत. काकूंनीही टूरवाल्याला फोन करून एकच अट घातलीय, खोली कसलीही द्या, बाथरूमला खिडकी मोठी हवी आणि पडदा नको.